वजन कमी करायचं इंजेक्शन सरकारी योजनेत बसतं का, आणि बसत नसेल तर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय 41, उंची 155 सेंटिमीटर, वजन 94 किलो. चार वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू, तरी मागच्या महिन्यात एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.4 आला. गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते. यजमान नाशिकला सातपूरच्या कंपनीत आहेत, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापला जातो. घरात केशरी रेशनकार्ड आहे, आयुष्मान कार्डही काढून झालंय. खाजगी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन लिहून दिलं आणि केमिस्टने महिन्याचे नऊ हजार सांगितले. तुम्ही विचारताय की आयुष्मान कार्डावर हे इंजेक्शन मिळेल का, आणि मिळणार नसेल तर मैत्रीण घेते ती वजन कमी करायची आयुर्वेदिक पावडर घेऊ का.

आधी सरळ उत्तर देते. आयुष्मान कार्डावर हे इंजेक्शन मिळणार नाही. पावडर अजिबात घेऊ नका. पण तुमच्या घरात तिसरं एक कार्ड आहे, ज्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता एका ओळीत केलाय, ते म्हणजे ईएसआयचं. तुमच्या बाबतीत खरा उपयोग त्याचा आहे. मी बावीस वर्षं फिजिशियन आहे, त्यातली दहा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेली. तिथे बसून मला जे कळलं ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट समजून घ्या. आपल्या सगळ्या योजना आजाराच्या नावावर चालतात आणि 'वजन जास्त' हे नाव त्यांच्या यादीत जवळपास कुठेच नाही. मधुमेह आहे, हृदयविकार आहे, किडनीचा आजार आहे. त्यामुळे 'वजनाचं औषध मिळेल का' असं विचारलं की खिडकीवरचा माणूस 'नाही' म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. तेच तुम्ही 'माझा मधुमेह दोन गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, पुढे काय करायचं' असं विचारलंत, तर तोच दवाखाना तुम्हाला पुढच्या टप्प्यावर नेतो. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत वयस्करांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात 2003 च्या कायद्याने वजन कमी करण्यासाठीची औषधं वगळली होती. मार्च 2024 मध्ये हेच सेमाग्लुटाइड हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी तिथे मंजूर झालं, तेव्हा त्या आजाराच्या नावाने ते विम्यात आणता आलं. औषध तेच, सुई तीच, कागदावरचा आजार बदलला.

आता आयुष्मान कार्ड. 2018 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात एकत्र चालतात. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पाच लाख म्हटलं की माणसाला वाटतं नऊ हजारांचं इंजेक्शन त्यात सहज बसेल. पण हे पाच लाख दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ठरलेले उपचार, ठरलेली पॅकेजं, आणि घरी जाताना त्या आजाराशी संबंधित पंधरा दिवसांपर्यंतची औषधं. वर्षानुवर्षं घरी घ्यायच्या औषधाला त्यात जागा नाही. बीपीच्या गोळीलाही नाही. तुमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांना ऑक्टोबर 2024 पासून वय वंदना कार्ड वेगळं मिळतं, पण तेही दाखल झाल्यावरच कामाला येतं.

कोणी सांगितलं की 'दोन दिवस ॲडमिट व्हा, योजनेत बसवून देतो', तर त्या वाटेला जाऊ नका. असं खोटं दाखल होताना तुमच्या नावाने भलताच आजार नोंदवला जातो. उद्या खरी गरज पडली की तोच कागद आडवा येतो, आणि सही तुमची असते. शंका असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात त्यांना विचारा, किंवा 14555 वर फोन करा.

ईएसआयचं तसं नाही. ही योजना ओपीडीपासून सुरू होते. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के जातात. यजमानांचा पगार 18,000 धरला तर त्यांचे 135 आणि कंपनीचे 585, म्हणजे दर महिन्याला 720 रुपये तुमच्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी आधीच भरले जातायत. त्यात तुम्हीही येता. दवाखान्यातली तपासणी, रक्ताच्या चाचण्या, मधुमेहाची औषधं, तज्ज्ञाकडे पाठवणं, सगळं. आणि तरीही ओपीडीत मला कितीतरी बायका भेटल्या ज्यांना नवऱ्याच्या ईएसआयमध्ये आपलं नाव जोडलंय की नाही हेच माहीत नव्हतं. पहिलं काम ते करा. ई-पेहचान कार्डावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, तुमचं नाव, आधार आणि फोटो आहे का ते यजमानांना कंपनीच्या एचआरकडून तपासून घ्यायला सांगा. नसेल तर ते जोडता येतं.

मग तुमच्या भागातल्या ईएसआय दवाखान्यात जा आणि तिथून मेडिसिनच्या तज्ज्ञाकडे रेफरल मागा. चिठ्ठीवर काय लिहिलं जातं याला फार महत्त्व आहे. नुसतं 'लठ्ठपणा' लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकत नाही. 'टाइप 2 मधुमेह, दोन औषधं नियमित घेऊनही एचबीए1सी 8.4, बीएमआय 39, गुडघेदुखी, चालताना धाप' असं सगळं असू द्या. (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा.) यातला एकही शब्द खोटा नाही, सगळं तुमच्या अंगावर आहे, ते कागदावर आलं पाहिजे एवढंच. झोपेत घोरता का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, दिवसा डुलक्या लागतात का, हेही डॉक्टरांना सांगा. तुमच्या बांध्याच्या माणसात झोपेत श्वास अडकण्याचा आजार बऱ्याचदा असतो, आणि कुणी विचारत नाही म्हणून तो नोंदवलाच जात नाही.

ईएसआयमधून सेमाग्लुटाइड मिळेलच का? ते त्या रुग्णालयाची औषधांची यादी, साठा आणि तज्ज्ञाचं मत यांवर अवलंबून आहे. देशाच्या 2022 च्या आवश्यक औषधांच्या यादीत सेमाग्लुटाइडच्या गटातलं एकही औषध नाही, आणि सरकारी खरेदी त्या यादीकडे बघून होते. सप्टेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीत या गटातली औषधं घेतली, पण मधुमेहाबरोबर लठ्ठपणा आणि जोडीला हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांसाठी. म्हणून इंजेक्शन मिळेलच असं धरून जाऊ नका. बाकीचं जे हमखास मिळतं त्यासाठी जा. आणि ते बाकीचं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे.

ते कसं, हे सांगायला एक प्रसंग लिहिते. काही वर्षांपूर्वी ओपीडीत एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या, डबे करून द्यायचा व्यवसाय. मी म्हटलं, घरी जेवढी औषधं चालू आहेत तेवढी सगळी दाखवा. त्यांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, झोपेसाठी कुणीतरी सुरू केलेली ॲमिट्रिप्टिलिन, आणि गुडघ्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या अधूनमधून स्वतःच आणून घ्यायच्या. चार पट्ट्या आणि चारही वजन वाढवणाऱ्या. बाई बिचाऱ्या रोज सकाळी गंगापूर रोडला पाऊण तास चालत होत्या आणि वजन तसूभर हलत नव्हतं. आम्ही एकेक औषध क्रमाक्रमाने बदललं. स्टेरॉइड किती काळ चालू होतं ते बघून हळूहळू उतरवलं, कारण ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं. सात महिन्यांत सहा किलो उतरले. नवीन महाग औषध एकही नव्हतं.

तुमच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन चांगली आहे, ती वजन वाढवत नाही, उलट थोडं कमी करते. ग्लिमेपिराइड मात्र साखर उतरवते आणि वजन वाढवते. शिवाय साखर एकदम खाली गेली की भूक खवळते, हात थरथरतात, आणि माणूस दिसेल ते खातो. दुपारी चारला असं होतं का तुम्हाला? होत असेल तर तो तुमच्या जिभेचा दोष नाही, गोळीचा परिणाम आहे. डॉक्टरांना विचारा की ग्लिमेपिराइड कमी करून डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन देता येईल का. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, सरासरी दोन-तीन किलो वजन उतरवतात, आणि हृदय व किडनीला त्यांचा आधार मिळतो. डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट 2020 मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनची साठ रुपयांच्या घरातली एक गोळी दहाच्या आसपास आली. लघवीच्या जागी खाज येऊ शकते, म्हणून स्वच्छता पाळायची आणि पाणी पुरेसं प्यायचं. कडक उपास असेल किंवा उलट्या-जुलाब चालू असतील तेव्हा ती गोळी थांबवायची. हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. स्वतःच्या मनाने अदलाबदल करू नका.

ईएसआयचा दवाखाना लांब पडत असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं असंसर्गजन्य आजारांचं क्लिनिक, म्हणजे एनसीडी क्लिनिक, हा दुसरा मार्ग. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे लागत नाहीत. तिथे नसलेली गोळी जनऔषधी केंद्रात बघा. मेटफॉर्मिन तर तिथे महिन्याला दोनशेच्या आतच बसते. थायरॉइडची टीएसएच चाचणीही एकदा करून घ्या. थायरॉइड बिघडलेलं असेल तर बाकीचे कष्ट निम्मे वाया जातात.

आता इंजेक्शनबद्दल. ते चांगलं औषध आहे, हे मी आधीच सांगते. श्रीमंतांचे चोचले म्हणून त्याकडे बघू नका. बीएमआय 39 आणि मधुमेह असलेल्या माणसाला ते लिहून देणाऱ्या तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. पण पैसे घालण्याआधी दोन आकडे माहीत हवेत. 2.4 मिलिग्रॅमच्या पूर्ण डोसवर, मधुमेह नसलेल्या लोकांत, 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. जाहिरातींत दिसतो तो हा आकडा. मधुमेह असलेल्यांत त्याच डोसवर सरासरी 9.6 टक्के. तुमच्या 94 किलोंचे म्हणजे साधारण नऊ किलो. नऊ किलो कमी नाहीत, गुडघ्यांना फरक पडेल, साखर छान उतरेल. पण 'वीस किलो जातील' असं कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. औषध थांबवलेल्या लोकांचं वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. हे औषध भूक आतून शांत करतं. ते गेलं की भूक परत येते. हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही, शरीर तसंच वागतं. म्हणून महिन्याचा हिशोब करू नका, तीन वर्षांचा करा. नऊ हजार गुणिले छत्तीस म्हणजे तीन लाख चोवीस हजार, आणि डोस वाढला की बऱ्याच ब्रँडची किंमतही वाढते. माझ्याकडे एक रिक्षाचालक येतात. त्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून दुसरीकडून हे इंजेक्शन सुरू केलं होतं. चार महिन्यांत अकरा किलो उतरले, घरात आनंद. पाचव्या महिन्यात पैसे संपले. माझ्याकडे आले तेव्हा अकरातले नऊ किलो परत आलेले होते आणि कर्जाचे हप्ते चालू होते. त्यांनी काट्यावर उभं राहून खाली बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. हे मला विसरता येत नाही. सुरू करण्याआधी कुणीतरी त्यांच्याशी दहा मिनिटं बसून हा हिशोब करायला हवा होता.

किमतीचं चित्र मात्र बदलतंय, आणि ते तुमच्या बाजूने आहे. वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइडचाच वजनासाठीचा ब्रँड, जून 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसचे महिन्याला सतरा हजारांहून जास्त पडायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते अकरा हजारांच्या आत आणले. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. म्हणून लिहून दिलेला ब्रँडच घ्यायचा असं धरून बसू नका. केमिस्ट स्वतःहून ब्रँड बदलून देत नाही, डॉक्टरांनीच तसं लिहावं लागतं. त्यांना स्पष्ट विचारा, 'याच औषधाचा भारतीय कंपनीचा स्वस्त ब्रँड लिहून द्याल का? आमची महिन्याची ताकद अमुक आहे.' आकडा सांगायला संकोच करू नका. पेशंटने ताकद सांगितली की मला औषधाची निवड करणं सोपं जातं, न सांगितलेली ताकद मला ओळखता येत नाही. याच गटातलं जुनं औषध लिराग्लुटाइड, त्याचाही भारतीय ब्रँड जानेवारी 2024 मध्ये आला, 1.2 मिलिग्रॅमला दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास. ते रोज टोचावं लागतं आणि वजनावरचा परिणाम सेमाग्लुटाइडपेक्षा कमी असतो. सेमाग्लुटाइडचे भाव उतरले की त्याच पैशात लिराग्लुटाइड घेण्यात फारसा अर्थ नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: आयुष्मान कार्ड दाखल होण्यासाठी, ईएसआय रोजच्या औषधांसाठी. आधी वजन वाढवणारी गोळी बदलून घ्यायची, मग तीन वर्षं झेपेल अशाच किमतीत इंजेक्शनचा विचार करायचा. तुम्हाला आधी हृदयाचा झटका येऊन गेला असता किंवा लघवीतून प्रथिनं जात असती, तर मी हा क्रम बदलला असता आणि इंजेक्शन लवकर सुरू करण्यासाठी धडपड केली असती. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण किडनीची तपासणी झाल्याशिवाय ते ठरवू नका.

ऑर्लिस्टॅट नावाची कॅप्सूल स्वस्त पर्याय म्हणून कुणी सुचवेल. ती खाल्लेल्या चरबीचा काही भाग पचू देत नाही. फायदा सरासरी तीनेक किलो, आणि तेलकट जेवलं की तेलकट जुलाब, कधी कपडे खराब होण्याइतके. कामावर जाणाऱ्या बाईला ते फार अवघड होतं. मी क्वचितच देते.

पावडरीबद्दल मात्र सावकाश लिहिते, कारण इथे जीव जाऊ शकतो. माझा राग आयुर्वेदावर नाही. मैत्रिणीच्या डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक आहे का, घटक लिहिलेत का, ते बघा. 'महिन्यात आठ किलो, आहार बदलायची गरज नाही' असं सांगणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन मिसळलेलं अनेक देशांत सापडलंय. हे औषध भूक मारतं, पण रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवतं. हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, 2011 मध्ये भारतात त्यावर बंदी आली. डब्यावर ते कधीच लिहिलेलं नसतं. पावडर सुरू केल्यावर तोंडाला कोरड पडते, झोप उडते, छातीत धडधडतं, असं मैत्रीण म्हणत असेल तर तिलाही आजच थांबवायला सांगा. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा जिममध्ये बिलाशिवाय मिळणाऱ्या इंजेक्शनलाही हेच लागू. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. बिल, बॅच नंबर आणि फ्रिजमधून काढून दिलेला पेन, या तीन गोष्टींशिवाय घेऊ नका.

शस्त्रक्रियेचा विचार तुम्ही केला नसेल, पण माहिती असू द्या. विमा नियामकाच्या नियमांनुसार खाजगी मेडिक्लेममध्ये वजन कमी करायची शस्त्रक्रिया बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा 35 पासून पुढे असून आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असं काही असेल तर धरली जाते. आधी साधे उपाय करून बघितल्याचे कागद लागतात. बीएमआय 39 आणि आटोक्यात न आलेला मधुमेह, म्हणजे तुमचे आकडे या चौकटीत बसतात. आत्ता चालू होणाऱ्या उपचारांचा प्रत्येक कागद जपून ठेवा, पुढे ईएसआयकडे विचारतानाही तो लागेल.

जेवणाचं तुम्ही 'सगळं करून बघितलं' असं लिहिलंय. माझा विश्वास आहे. बहुतेक बायकांनी खरंच केलेलं असतं, पण भात बंद, रात्रीचं जेवण बंद अशा पद्धतीने, आणि ते दोन महिन्यांच्या पुढे कुणालाच जमत नाही. मी तीनच गोष्टी बघते. चहा: दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे रोजची चाळीस-पन्नास ग्रॅम साखर, तीही मधुमेहात. तेल: घरात महिन्याला किती लागतं ते विचारते. चार माणसांत पाच लिटर म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर झालं, मी निम्म्यावर आणायला सांगते. आणि तिसरं, ताटात उसळ कुठे आहे? आमटीचं वरचं पाणी म्हणजे डाळ नव्हे. दोन्ही वेळेला वाटीभर मोड आलेली मटकी, मूग किंवा हरभरा, घट्ट वरण, जमत असेल तर अंडी, जोडीला ताक. पोट भरलेलं राहतं आणि पुढे इंजेक्शन घेतलंत तर स्नायू टिकवायला हेच कामाला येतं. उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, तीही मोजून. घरातल्या सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेली अर्धी पोळी 'वाया जायला नको' म्हणून खाता का, तेही आठवून बघा. ती पोळी फ्रिजमध्ये ठेवा.

94 वरून 89 वर आलात तरी साखरेत, गुडघ्यात आणि झोपेत फरक जाणवतो. हे मी रोज बघते. तेव्हा पहिला टप्पा पाच किलोंचा ठेवा.

पुढे इंजेक्शन सुरू केलंत तर काही गोष्टी आधी व्हायला हव्यात. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना बिघाड काही काळ वाढू शकतो. ग्लिमेपिराइड आहे त्याच डोसमध्ये चालू ठेवून इंजेक्शन सुरू करू नका, डोस कमी न करता दोन्ही एकत्र घेतलं की साखर घसरते. पाळी चालू आहे आणि गर्भधारणा शक्य आहे तोवर गर्भनिरोधक वापरा, मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी औषध बंद करावं लागतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठ सुरुवातीला होतंच, म्हणून डोस हळू वाढवतात. पण पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी सततची कळ आली, उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असू शकतो. पेन फ्रिजच्या दारात ठेवू नका, बर्फाच्या कप्प्याजवळही नको. गोठलेला पेन फेकून द्यावा लागतो.

या आठवड्यात एवढंच करा. यजमानांकडून ई-पेहचान कार्डाची प्रत घ्या. मागच्या वर्षभराचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा. चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या, गुडघ्याचं मलम आणि ती पावडर आणली असेल तर तिचा डबासुद्धा, एका पिशवीत भरून ईएसआय दवाखान्यात न्या आणि पिशवी टेबलावर उपडी करा. तीन महिन्यांनी एचबीए1सी पुन्हा करून आकडा इथेच कळवा. वजन कितीही असो, कळवा नक्की. पुढचं औषध कोणतं ते त्या आकड्यावरून ठरवू.